पार्श्वभूमी : विज्ञान-विनोदी मालिका आणि हशाचा वाद

विज्ञानकथेतला विनोद सिनेमाइतकाच जुना आहे. १८९५ च्या, मिनिटभराचीही नसलेल्या एका फ्रेंच चित्रफितीत यंत्राच्या एका तोंडातून डुक्कर आत जातं आणि दुसऱ्या तोंडातून सॉसेज बाहेर येतात. १९०२ मध्ये पडद्यावरच्या चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा रुतला, तोही गमतीनेच. मासिकांतल्या खोडकर कथा आणि पडद्यावरचे विक्षिप्त शास्त्रज्ञ परिचयाचेच आहेत. आज या प्रकाराची म्हणून जी ढब ओळखू येते, ती मात्र बव्हंशी १९७८ नंतरची आहे. ती घडण्यामागे एक रुक्ष वाटणारा प्रश्न होता : प्रेक्षकांचा हशा ऐकवायचा की नाही?

अमेरिकी दूरचित्रवाणीने हशाचं यंत्र पन्नाशीच्या दशकातच बनवलं होतं. आत ध्वनिमुद्रित हसण्याच्या टेप, वर टाइपरायटरसारख्या कळा आणि हशा किती लांबवायचा ते ठरवायला पायाखाली पेडल. १९६२ मध्ये भविष्यातल्या कुटुंबावरच्या कार्टून मालिकेलाही असा हशा चिकटवला गेला. कार्टूनचं चित्रीकरण बघायला कोण बसणार, हा प्रश्न कुणाला पडला नसावा. ऐंशीच्या दशकात परग्रहावरच्या केसाळ बाहुल्याची मालिका आली तेव्हा अडचण वेगळी होती. बाहुली चालवणारे खाली लपावेत म्हणून सेट जमिनीपासून उंच बांधलेला, त्यात चर आणि झडपा. एकेक प्रसंग घ्यायला तास लागत. तेवढा वेळ प्रेक्षक बसवून ठेवणं अशक्य, म्हणून हशा नंतर भरला. पृथ्वीवर आलेल्या परग्रहवासीयाची १९७८ ची मालिका मात्र खऱ्या प्रेक्षकांसमोर जमून गेली. तिथला विनोद नटाच्या अंगात होता, यंत्रात नव्हता.

त्याच वर्षी ८ मार्चला ब्रिटिश रेडिओवर ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही अंतराळप्रवासाची विनोदी मालिका सुरू झाली, प्रेक्षकांशिवाय. तेव्हाच्या रेडिओ-विनोदात हा निर्णय प्रघात मोडणारा होता, आणि तो बरोबर होता. मालिकेला स्टिरिओ हवा होता, आवाजांचे थर हवे होते. नटांचे संवाद आधी घ्यायचे, मग यंत्रमानवाच्या आवाजावर प्रक्रिया करायची, त्याखाली इंजिनाची घरघर आणि संगीत बसवायचं, असं काम सभागृहात एका संध्याकाळी होत नाही. शिवाय निवेदकाचं वाक्य लांबत जाऊन शेवटच्या शब्दावर उलटतं. मध्येच कुणी हसलं की पुढचं अर्धं वाक्य बुडालं.

१९८१ ची दूरचित्रवाणी आवृत्ती करताना हा प्रश्न पुन्हा आला. पहिल्या भागासाठी प्रेक्षक बोलावून हशा ध्वनिमुद्रित केला गेला, पण प्रसारणात वापरला नाही. पडद्यावर उमटणारी ‘संगणकीय’ अक्षरं आणि आकृत्या खरं तर हातानं केलेलं ॲनिमेशन होतं, मागून रंगीत प्रकाश सोडलेलं. ती वाचायची, निवेदन ऐकायचं आणि वर हसणंही सहन करायचं, हे जरा अतीच झालं असतं.

सर्वांत लांबलेला वाद ‘रेड ड्वार्फ’ या अंतराळयानात घडणाऱ्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा. १९८८ पासूनची सहा सत्रं प्रेक्षकांसमोर झाली. यानाच्या प्रतिकृतींची दृश्यं आधी चित्रित करून स्टुडिओतल्या मॉनिटरवर दाखवत, म्हणजे हशाचा धागा तुटत नसे. १९९७ च्या सातव्या सत्रात प्रेक्षक काढले, सिनेमासारखं चित्रीकरण केलं आणि तयार भाग प्रेक्षकांना दाखवून हशा टिपला. घोटाळा इथेच होतो. समोर प्रेक्षक असले की नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. नसले की थांबत नाही. मग नंतर मिळालेला हशा पुढच्या संवादावर येऊन आदळतो. संकलकाला एक तर तो दाबावा लागतो, नाही तर कुणाच्या तरी चेहऱ्याचा शॉट घालून जागा करावी लागते. उलट, प्रेक्षकांसमोर केलेल्या भागातून हशा पुसला तर पात्रं दोन-तीन सेकंद एकमेकांकडे उगीच बघत बसलेली दिसतात. आठव्या सत्रात प्रेक्षक परतले, २००९ च्या तीन भागांत हशाच नव्हता आणि २०१२ मध्ये प्रेक्षक पुन्हा आले. चाहत्यांचे दोन तट आजही कायम आहेत. सातव्या सत्राची बाजू घेणं मात्र अवघडच.

१९९९ नंतरच्या प्रौढांसाठीच्या अंतराळ-कार्टूननी हशा वगळूनच सुरुवात केली. त्यामुळे मिनिटात जास्त विनोद मावू लागले. पाटीवर, खिडकीबाहेर, मागच्या गर्दीत विनोद पेरता आला, कारण प्रेक्षक चित्र थांबवून पाहू शकत होता.

व्हिडिओ गेममध्ये तर वेळ लेखकाच्या हातातच नसते. खेळाडू वाक्य संपण्याआधी पळू शकतो, किंवा त्याच जागी दहा मिनिटं घुटमळू शकतो. म्हणून विनोदी संवाद लिफ्टमध्ये, बंद दारासमोर, म्हणजे त्याला करण्यासारखं काही नसेल तिथे सुरू करतात. घुटमळणाऱ्यासाठी जादा वाक्यं ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागतात. एकच विनोद तिसऱ्यांदा वाजला की खेळाडू आवाज बंद करतो.