इथली फार्म डी आणि अमेरिकेतली फार्म डी: बायोलॉजीवाल्यांनी कुठली धरायची?

झूलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी करणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: डिग्री झाल्यावर फार्म डी, म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, करता येईल ना? याची उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळी. अमेरिकेत असाल तर हो, बरीच मुलं तिथे याच वाटेने जातात. महाराष्ट्रात असाल तर करता येईल, पण बीएस्सीची तीन वर्षं कुठेही धरली जाणार नाहीत. घोळ होतो तो नेटमुळे. फार्मसीची तयारी कशी करायची म्हणून शोधलं की समोर येतं ते बहुतेक अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेलं. आपल्याकडची पोरं तेच स्वतःला लावून बसतात.

आधी आपल्याकडचं बघू, ते लवकर आटपतं. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने फार्म डीचे नियम २००८ साली आणले. अभ्यासक्रम सहा वर्षांचा: पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. प्रवेश बारावी सायन्सच्या जोरावर मिळतो. फिजिक्स, केमिस्ट्री हवेच, तिसरा विषय मॅथ्स किंवा बायोलॉजी. आपल्या राज्यात त्यासाठी सीईटी आणि मग कॅप राउंड, म्हणजे सामायिक प्रवेशाच्या फेऱ्या. डी फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झालेल्यांनाही दार उघडं आहे. बीएस्सी झालेला मुलगा मात्र इथे बारावी पास म्हणूनच उभा राहतो आणि पहिल्या वर्षाला बसतो.

तीन वर्षांची ‘पोस्ट बॅकलॉरिएट’ फार्म डीही असते. नाव ऐकून बीएस्सीवाल्यांच्या आशा पालवतात, पण ती फक्त बी फार्म झालेल्यांसाठी. एम फार्मचंही तेच. बी फार्मच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो तो डी फार्मवाल्यांना. म्हणून एफवायला असतानाच फार्मसीची ओढ वाटू लागली, तर ‘आधी डिग्री पूर्ण करू, मग बघू’ म्हणत बसू नका. त्याच वर्षी पुन्हा सीईटी द्या. आणि टीवाय संपलंच असेल, तर आधी स्वतःला विचारा की फार्मासिस्ट व्हायचंय की औषधांच्या कंपनीत काम करायचंय? दुसरं असेल तर मायक्रोबायोलॉजीवाल्यांना क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये एरवीही जागा असते. त्यासाठी सहा वर्षं नव्याने काढायची गरज नाही.

आता अमेरिका. तिथे बी फार्मसारखी बॅचलर डिग्री इतिहासजमा झाली. फार्मासिस्टच्या परवान्यासाठी तिथल्या मुलांना फार्म डीच करावी लागते. ती साधारण चार वर्षांची, आणि तिच्याआधी कॉलेजची किमान दोन वर्षं ‘प्री-फार्मसी’चे विषय उरकायचे. पुष्कळ मुलं या काळात बायोलॉजी घेऊन पूर्ण डिग्रीच करतात. काही ठिकाणी शाळेतून थेट सहा वर्षांसाठीही घेतात. न्यू जर्सीतल्या रट्गर्स विद्यापीठाची अशी सोय आहे, आणि तिथल्या मराठी घरांत मूल अकरावीला गेलं की तिची चर्चा सुरू होते.

बायोलॉजी घेतलं म्हणजे तयारी आपोआप झाली, हा तिथला लाडका गैरसमज. फार्मसी स्कूलला तुमचा मुख्य विषय कोणता याच्याशी फारसं देणंघेणं नसतं; यादीतले विषय झालेत का आणि त्यात ग्रेड काय, एवढंच ते पाहतात. यादीत बायोलॉजी असतंच, पण जीव जातो तो केमिस्ट्रीत. जनरल केमिस्ट्रीच्या दोन सेमिस्टर, ऑरगॅनिकच्या दोन, दोन्हींना लॅब. बायोकेमिस्ट्री बऱ्याच ठिकाणी. उत्क्रांती आणि इकॉलॉजीच्या प्रेमात पडून ऑरगॅनिक शेवटच्या वर्षावर ढकललं की अर्ज करताना ग्रेडचा रकाना रिकामा राहतो.

बायोलॉजीच्या विद्यार्थ्याने आपली मार्कशीट आणि कॉलेजची यादी शेजारी ठेवून पाहावी. जेनेटिक्स आहे, सेल बायोलॉजी आहे, वनस्पतींवरचा एखादा विषयही आहे. पण मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया? बायोलॉजीच्या डिग्रीला तो बहुतेकदा सक्तीचा नसतो, फार्मसीवाले मात्र हमखास मागतात. लॅबसह मायक्रोबायोलॉजी, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स यांचंही तसंच. आणि ज्याची कुणाला कल्पना नसते तो विषय म्हणजे चारचौघांत बोलण्याचा, पब्लिक स्पीकिंगचा. यादी कॉलेजागणिक बदलते, त्यामुळे मैत्रिणीची यादी उतरवून घेण्यात अर्थ नाही.

पीकॅट नावाची प्रवेश परीक्षा मात्र आता विसरा. २०२४ च्या जानेवारीनंतर ती बंद झाली. तिच्या गाइड्स अजून विकल्या जातात, त्यावर पैसे घालवू नका. अर्ज फार्मकॅस या सामायिक पोर्टलवरून जातात आणि बरीच कॉलेजं जसजसे अर्ज येतील तसतशा जागा भरत जातात. म्हणजे शेवटच्या तारखेला अर्ज करणं आपल्या कॅप राउंडमध्ये चालतं, तिथे महागात पडतं.

ग्रेडखालोखाल माझ्या मते कशाला वजन असेल तर औषधांच्या दुकानातल्या कामाला. अमेरिकेत कॉलेजची मुलं फार्मसी टेक्निशियन म्हणून काम करतात. तिकडे आपल्यासारखी पाकीटबंद स्ट्रिप कापून देत नाहीत. बहुतेक गोळ्या मोठ्या बाटलीतून सुट्या येतात. ट्रेवर ओतायच्या, चपट्या पट्टीने पाच-पाच करून बाजूला सरकवायच्या आणि पिवळसर तपकिरी डबीत भरून लेबल लावायचं. पण दिवसाचा मोठा वेळ जातो तो विमा कंपनीने नाकारलेल्या क्लेममागे आणि काउंटरवर वैतागलेल्या माणसाला ते समजावण्यात. हे काम आपल्याला झेपतंय का, हे एका उन्हाळ्यात कळतं. ऑरगॅनिकच्या पेपरात ते कळत नाही.

डिग्रीत शिकवलं जातं ते दोन्हीकडे पुष्कळसं सारखं: फार्माकोलॉजी, आजार आणि त्यांची औषधं, वॉर्डात जाऊन रुग्णाचा चार्ट तपासणं. आपल्याकडे फार्म डीच्या कॉलेजला तीनशे खाटांच्या हॉस्पिटलची जोड लागते, ती त्यासाठीच. फरक पडतो तो बाहेर आल्यावर. अमेरिकेत नॅप्लेक्स ही परीक्षा आणि राज्याच्या अटी पूर्ण केल्या की परवाना मिळतो, आणि लस टोचण्यापर्यंतची कामं फार्मासिस्ट करतो. आपल्याकडे फार्म डीवाल्याची नोंदणी राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे फार्मासिस्ट म्हणूनच होते. हॉस्पिटलांत क्लिनिकल फार्मासिस्टच्या जागा मोजक्या आणि पगार बेताचे. त्यामुळे बरीच मुलं पुण्या-मुंबईत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्सच्या कामाकडे किंवा क्लिनिकल रिसर्चकडे वळतात. काम चांगलं आहे, फक्त वॉर्डाची स्वप्नं पाहून आलेल्यांचा विरस होतो.

शेवटचा गोंधळ ‘इथली फार्म डी तिथे चालते का’ हा. थेट नाही. भारतातून शिकून गेलेल्याला तिथे परदेशी पदवीधरांसाठीची एफपीजीईई ही परीक्षा आणि टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात आणि मग राज्याने ठरवलेले इंटर्नशिपचे तास व नॅप्लेक्स. इतकं करून परवाना मिळतो, अमेरिकन डिग्री मिळत नाही. आणि या परीक्षेची एक अट आपल्याकडच्या मुलांना फार उशिरा कळते: २००३ पासून पुढे पास झालेल्यांचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. चार वर्षांची बी फार्म तिथेच अडकते, वर दोन वर्षांची एम फार्म केली तरी. सहा वर्षांची फार्म डी या अटीत बसते. म्हणजे परवान्यासाठी अमेरिका डोक्यात असेल, तर बी फार्म की फार्म डी हे बारावीनंतर कॅपचा फॉर्म भरतानाच ठरवलेलं बरं.