रोबोंचा थवा भाड्याने नेणाऱ्यांसाठी : प्रचाराची वेळ कापू नका

संच नेला की लवकरच फोन येतो, "भाऊ, यातला मेन रोबो कोणता?" मेन कोणताच नाही. वीसही रोबोंमध्ये एकच कोड आहे, आणि प्रत्येकाला फक्त जवळच्या शेजाऱ्यांचं ऐकू येतं. तरीही दोन कोपऱ्यांपैकी जास्त उजेडाचा कोपरा सगळे मिळून निवडतात.

रोबो आपल्या मताच्या, म्हणजे त्याने सध्या धरलेल्या कोपऱ्यात जातो, उजेड मोजतो, मधल्या जागेत येतो आणि इन्फ्रारेडवर फक्त 'डावा' किंवा 'उजवा' एवढंच सांगत फिरतो. हाच त्याचा प्रचार. उजेड जास्त मिळाला असेल तर जास्त वेळ सांगतो, कमी मिळाला असेल तर लवकर थांबतो. मग आजूबाजूचं ऐकतो आणि त्यातल्या कुठल्याही एका शेजाऱ्याचं मत घेतो. दोन कोपऱ्यांची तुलना एकही रोबो करत नाही. चांगल्या कोपऱ्याचा प्रचार जास्त वेळ चालतो, म्हणून तेच मत जास्त जणांच्या कानावर पडतं आणि हळूहळू सगळीकडे पसरतं.

नेमकी हीच वेळ मुलं कापतात. रोबो मध्येच घुटमळताहेत असं वाटतं, सबमिशन जवळ आलेलं असतं, आणि कोडमधल्या त्या ओळीत सगळ्यांना एकच छोटा आकडा टाकला जातो. रोबोंच्या संदेशात उजेडाचा आकडा कुठेच नसतो, तो प्रचाराच्या वेळेतच असतो. वेळ सारखी झाली की दोन्ही कोपरे थव्याला सारखेच. मग सुरुवातीला योगायोगाने ज्या मताचे रोबो जास्त असतील, बहुतेक वेळा तेच मत जिंकतं. यानंतर संच 'सेन्सर खराब' म्हणून आमच्याकडे परत येतो. आम्ही सेन्सर तपासतो, ते ठीक असतात, आणि या सगळ्यात मुलांचा ऐन सबमिशनचा आठवडा जातो. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

वेळ कमी करायचीच असेल तर दोन्ही मतांच्या वेळांना एकाच पटीने भागा, प्रमाण तसंच राहू द्या. फार खालीही जाऊ नका, रोबोंना शेजारी बदलण्याइतका वेळ मिळायला हवा. त्याहून सोपं म्हणजे संचासोबतच्या पेनड्राइव्हवरची दुसरी फाइल वापरा. तिच्यात रोबो एका शेजाऱ्याऐवजी अनेकांचं ऐकून बहुमताकडे जातो. निर्णय लवकर लागतो, पण चुकण्याची शक्यता वाढते. व्हॅलेंटिनी, हामान, दोरिगो या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० किलोबॉटवर, म्हणजे छोट्या, साध्या रोबोंवर, हीच वेग आणि अचूकपणाची ओढाताण दाखवली. प्रोजेक्ट रिपोर्टसाठी ही तुलना उत्तम आहे. दोन्ही फाइली चालवून बघा.

तोंडी परीक्षेत मधमाश्यांबद्दल विचारतातच. नव्या घरासाठी जागा शोधून आलेली माशी जागा चांगली असेल तर नाचाचे जास्त फेरे घेते. जागेवर पुरेशा माश्या जमल्या की थवा निघायची तयारी करतो. मधमाश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात हा नाच टिपला, पुढे थॉमस सीली यांनी सहकाऱ्यांसह हे सगळं बारकाईने तपासलं. आमच्या कोडमधला 'प्रचार' म्हणजे हाच नाच.

एप्रिलमध्ये आणखी एक अडचण येते. नागपूरच्या दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं की त्यातलं इन्फ्रारेड रोबोंचं बोलणं बुडवतं. पडदे लावा. कोपऱ्यात एलईडी दिवाच ठेवा, जुना पिवळा बल्ब नको, त्यातूनही बरंच इन्फ्रारेड येतं.

आम्ही वीसपेक्षा कमी रोबो देत नाही, यावर काहींची नाराजी असते. पाच-सहा रोबोंत नशिबाचाच हात मोठा राहतो, निकालावर विश्वास ठेवता येत नाही. तीस घेतलेत तर फरक आणखी स्वच्छ दिसतो, वरच्या दहांना भाडं अर्धंच लावतो. कोड कुलूपबंद करून दिला असता तर आमचा त्रास वाचला असता, पण मुलांनी तो उघडून वाचावा असंच आम्हाला वाटतं.

हिंगणा रोड, काटोल रोडच्या कॉलेजांतून यायला वेळ लागतो. त्यामुळे 'खराब' म्हणून संच परत आणण्याआधी मूळ फाइल पुन्हा भरा, बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा आणि पाच वेळा चालवून बघा. तरीही बिघडलं तर आधी बदललेली फाइल व्हॉट्सॲपवर पाठवा. बहुतेक वेळा फोनवरच सुटतं, आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही.