बाँगमधलं पाणी धूर गाळत नाही

बाँग म्हणजे गांजासारख्या गोष्टींचा धूर पाण्यातून ओढायची नळी. ‘पाण्यातून आलेला धूर स्वच्छ असतो’ हे कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावा म्हणून तळाचं पिवळट, उग्र वासाचं पाणी दाखवतात: बघा, घाण इथेच अडकली!

थोडी अडकते, खरंय. राख आणि थोडा चिकटा पाण्यात उतरतो. पण एक बुडबुडा नीट बघा. पाण्याला टेकते ती फक्त त्याची कड. पोटातला बराचसा धूर न भिजताच वर येऊन फुटतो. धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, तर पाण्यात जेमतेम विरघळतो, म्हणजे तो थेट फुप्फुसात. तिथून रक्तात गेला की ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो.

पाणी धूर गार करतं, एवढंच. आणि मला खरी काळजी वाटते ती याचीच. घसा जळत नाही म्हणून माणूस लांब झुरका ओढतो, श्वास धरून ठेवतो आणि धुरातला चिकट टार जास्तच आत घेतो. खोकला आला नाही म्हणजे इजा झाली नाही, असं नसतं.

शिळ्या पाण्यात जंतू आणि बुरशी वाढते, ते वेगळंच. पाणी रोज बदललं तर तो धोका कमी होतो. धुराचा मात्र तसाच राहतो.