परीकथेतलं घर: मुलांना कार्यशाळेला पाठवण्याआधी

पालकहो,

आमच्या कार्यशाळेत ६ ते ११ वर्षांची मुलं जुना पुठ्ठा, काटक्या, पानं आणि बिया यांतून गोष्टीतलं घर बांधतात. आधी गोष्ट, मग घर, असा आमचा क्रम. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, म्हणून तर पुढचं सगळं घडतं. त्यामुळे कात्री हातात देण्याआधी आम्ही विचारतो: तुझ्या घरात कोण राहतं? तिथे पाऊस पडतो का? चेटकिणीला धुराडं लागतंच, राक्षसाला दार उंच लागतं. एवढं ठरलं की छप्पर कशाचं घालायचं, हे मुलंच आम्हाला सांगतात.

सत्रं दोन आहेत. पहिल्यात भिंती आणि छपराचा सांगाडा, दुसऱ्यात सजावट. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक वरून सुकलेला दिसला तरी आतून पक्का व्हायला साधारण २४ तास घेतो. ओल्या सांध्यावर छप्पर चढवलं की भिंती फाकतात, म्हणून मधे एक दिवस सोडतो.

भिंतींसाठी खोक्याचा पुठ्ठा उत्तम. कडेने पाहिलंत तर दोन कागदांच्या मधे नागमोडी थर आणि त्याच्या बारीक नळ्या दिसतील. नळ्या उभ्या राहतील असा तुकडा कापला की भिंत छपराचं वजनही पेलते आणि बुरुजासाठी गोल वळतेही. आडव्या नळ्यांचा तुकडा वळवायला गेलं की मधेच मोडतो. हा फरक मुलांना स्वतःच्या हातांनी कळू द्यावा, असं आम्हाला वाटतं, त्यामुळे पहिला तुकडा आम्ही मुद्दाम त्यांच्यावरच सोडतो.

बुरुजाच्या टोपीला कंपास पुरतो. ८ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापून सरळ कडा एकमेकींना जोडल्या की तळाशी ८ सेंमी रुंद शंकू तयार होतो. चिकटवायला एक पट्टी जास्त ठेवायची. टिश्यू रोलच्या नळीवर ही टोपी छान वळचण सोडून बसते.

कौलं म्हणून पाइनच्या फळांचे खवले किंवा दाबून वाळवलेली पानं वापरतो. ती नेहमी खालून वर लावायची, वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी चढवून, खऱ्या कौलांसारखीच. आढ्यावर शेवटी एक काटकी. दगडी भिंत हवी असेल तर अंड्यांच्या कागदी ट्रेचे तुकडे कातरण्यापेक्षा फाडावेत. फाटलेली कड दगडासारखी दिसते.

सामान घरूनच आणायचं आहे. टाकाऊपासून घर करायचं म्हणून नवे खोके विकत आणू नका, ही कळकळीची विनंती. दुधाचे, रसाचे खोके साबणाने धुऊन वाळवा. त्यांच्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यावर पाण्याचे रंग धरत नाहीत. आम्ही आधी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून घेतो. पानं ओली नकोत, सुकताना आकसतात आणि डिंकासकट सुटून येतात. वर्तमानपत्रात घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवा, मधे एकदा कागद बदला. काटक्या झाडाखाली पडलेल्याच घ्या, झटकून उन्हात वाळवा. पाइनची फळं मिटलेली असतील तर तीही उन्हात ठेवा. ओलाव्याने मिटलेले खवले सुकल्यावर उघडतात, आणि ते बघायला मुलांना फार आवडतं.

गुंजा आणि कण्हेर मात्र नको. गुंजांचा लालकाळा रंग मोहात पाडतो, पण दोन्ही विषारी आहेत. पक्ष्यांची घरटी रिकामी दिसली तरी जागेवर राहू द्या.

गरम डिंकाची बंदूक आणि कटर फक्त आमच्या शिक्षकांच्या हातात असतात. खिडकीत उजेड हवा असेल तर मेणबत्ती नाही, छोटा एलईडी दिवा. तोही स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाचा. बटण सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

घरी आल्यावर छप्पर तिरकं वाटलं तर तसंच असू द्या. तुम्ही सरळ केलंत की ते घर तुमचं झालं. ओल्या जागी ठेवू नका, बुरशी धरते. आणि नेताना पिशवी नको, उघडा खोका आणा. पिशवीत सगळ्यात आधी टोपी चेपते.