भुताचं पुस्तक अर्ध्यात काढून घेऊ नका (आमच्या वाचक मुलांच्या पालकांसाठी)

भुतं, जादू, बंद वाडा, आरशातून दिसणारं कुणीतरी, अशी थोडीशी घाबरवणारी पुस्तकं आमच्याकडून सगळ्यात जास्त जातात आणि सगळ्यात जास्त परतही तीच येतात. साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीची, ज्यांना मिडल ग्रेड म्हणतात ती. फोन एकाच प्रकारचा असतो, मूल घाबरलंय, रात्री लाईट बंद करू देत नाही, पुस्तक बदलून द्या. आम्ही आधी विचारतो, कुठपर्यंत वाचून झालंय? तर उत्तर बहुतेक वेळा अर्धं झालंय, नाहीतर पाऊण.

आणि गडबड तिथेच आहे. या पुस्तकांत भीती हळूहळू चढत जाते आणि पाऊण पुस्तकाच्या आसपास टोकाला पोचते. तोपर्यंत मोठी माणसं मुद्दाम बाजूला केलेली असतात, आईबाबा बाहेरगावी, शिक्षकांचा विश्वास बसत नाही, आजीला सगळं माहितीय पण ती बोलत नाही, कारण मोठे मदतीला आले की गोष्टीतल्या मुलांना स्वतः काही करावंच लागणार नाही. मग शेवटच्या काही प्रकरणांत भुताचं कारण कळतं. कुणाला तरी निरोप द्यायचा राहिलेला असतो, एखादी वस्तू जागेवर ठेवायची असते, कुणावर तरी अन्याय झालेला असतो. कारण कळलं की भीती उतरते, पोरं घरी परततात, कधीकधी भुताबद्दल वाईटसुद्धा वाटतं. हा उताराचा भाग वाचायच्या आधीच पुस्तक काढून घेतलं तर मुलाकडे नुसतं भूत उरतं. पुढचं ते मनानेच रचतं आणि ते छापलेल्यापेक्षा कितीतरी भयंकर असतं.

म्हणून आम्ही अर्धवट वाचलेलं पुस्तक लगेच बदलून देत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, एकदोघांनी तसं स्पष्ट बोलूनही दाखवलंय. पण यात आमचा फायदा काही नाही, उलट फोनवर वेळ आमचाच जातो. आमचं म्हणणं एवढंच की आधी शेवटची प्रकरणं तुम्ही स्वतः वाचा, फार वेळ लागत नाही, आणि मग मुलाला शेवट सांगून टाका. मजा जाईल म्हणून बरेच पालक सांगत नाहीत, पण घाबरलेल्या मुलाला त्या क्षणी मजा नको असते, त्याला ती मुलगी तळघरातून बाहेर येते की नाही एवढं कळायला हवं असतं. ते कळलं की बरीच मुलं मधला भाग आपणहून वाचायला घेतात. शेवट ऐकूनही मूल नको म्हणालं तर विषय संपला, जबरदस्ती अजिबात नको, पुस्तक आणा, आम्ही एक शब्द न विचारता बदलून देऊ.

दुसरी गोष्ट रात्री वाचण्याची. "एक प्रकरण वाच आणि झोप" हे ऐकायला शिस्तीचं वाटतं, पण या प्रकारात प्रकरणाचा शेवट हा मुद्दाम लटकवून ठेवलेला असतो, दाराची कडी आपोआप हलली आणि प्रकरण संपलं, म्हणजे मुलाने पान उलटावं. बरोब्बर तिथे लाईट बंद केला तर झोप कशी येईल? त्यापेक्षा पुढच्या प्रकरणाची दोनतीन पानं वाचून मध्येच थांबा, कडी का हलली ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. किंवा सरळ दुपारी वाचू द्या. ही एवढी युक्ती सांगितल्यावर बऱ्याच पालकांचे फोन थांबले, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

पुस्तक निवडताना वयाचा आकडा बघता तशी चित्रंही बघा. शब्द वाचताना मूल स्वतःला झेपेल तेवढंच डोळ्यासमोर आणतं, चित्रात ती सोय नसते. अमेरिकेत १९८१ साली आलेलं अल्विन श्वार्ट्झ यांचं 'स्केरी स्टोरीज टु टेल इन द डार्क' हे लोककथांवर आधारलेलं पुस्तक, गोष्टी छोट्या छोट्या, पण स्टीफन गॅमेल यांच्या चित्रांनी मुलं जास्त घाबरायची. या पुस्तकाची पुढे मालिका झाली, ती लायब्ररीतून काढा अशा तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९९० ते १९९९ या काळातल्या सगळ्यात जास्त तक्रारी आलेल्या पुस्तकांच्या यादीत ती सगळ्यात वर होती. २०११ च्या आवृत्तीत सौम्य चित्रं टाकली तर जुने वाचक नाराज झाले. म्हणजे ज्यांना लहानपणी भीती वाटली होती त्यांनाच ती चित्रं परत हवी होती!

मोठ्यांच्या भयकथा मात्र "भुताचीच तर गोष्ट आहे" म्हणून मुलांच्या हातात देऊ नका, तो प्रकार वेगळा. तिथे शेवटी सुटका होईलच असं नसतं, आणि रक्तपात, क्रूरपणा असतो. मिडल ग्रेडमध्ये धोका खरा वाटतो पण मुलांना आधार कुठेतरी असतोच, मित्र, भावंडं, एखादं मांजर.

आमच्या कपाटातलं या प्रकारातलं प्रत्येक पुस्तक आम्ही शेवटपर्यंत वाचूनच ठेवतो आणि मलपृष्ठावर आमचा स्टिकर लावतो. हिरवा म्हणजे गंमतच जास्त, पिवळा म्हणजे अधूनमधून दचकवेल, केशरी म्हणजे भीती बराच वेळ टिकते. पहिल्यांदा घेत असाल तर हिरव्यापासून सुरू करा, मूल दहा वर्षांचं असलं तरी, आणि ते पटकन संपवून "अजून भीतीदायक दे" म्हणालं तर पिवळं तयार आहेच.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ते आम्हाला आधी नक्की सांगा, बाकी काही सांगायची गरज नाही. या पुस्तकांत गेलेली आई किंवा आजोबा परत दिसणं हे फार येतं, काही मुलांना त्याने बरं वाटतं, काहींना अजिबात नाही, आणि अशी पुस्तकं कुठली ते आम्हाला पाठ आहे. बदलायला येण्याआधी फोन करा, पुस्तकाचं नाव आणि पान नंबर सांगा, पुढे काय होतं ते आम्ही मुलाशी बोलूनही सांगतो.