घट्ट लेदर बूट वापरून सैल होतात? लांबीला नाही

‘लेदरचे ट्रेकिंग बूट जरा घट्टच घ्या, वापरून सैल होतात’ हा सल्ला ट्रेकर मंडळींत वर्षानुवर्षे दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी अनेकांची नखे काळीनिळी होतात.

चामडे सैलावते ते आडवे, मुख्यतः चवड्यापाशी. लांबी ठरते ती सोलने, आणि बोटांपुढचा भाग तर आतून मुद्दाम कडक केलेला असतो. कितीही चाला, तिथे जागा होत नाही. कळसूबाई शिखराहून पायथ्याच्या बारी गावाकडे उतरताना पाऊल प्रत्येक पायरीला पुढे सरकते आणि अंगठा त्याच कडक भागावर आपटत राहतो.

म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, ट्रेकचेच जाड मोजे घालून बघा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवे. नाडी आवळल्यावर मात्र टाच उचलली जाता कामा नये. दुकानात जिना असेल तर तो उतरून बघाच.

सैल करण्यासाठी बूट भिजवून चुलीजवळ ठेवणे तर साफ चूक. उष्णतेने चामडे आक्रसते, तडकते आणि सोलचा गोंदही सुटतो. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत वाळवा.