सार्वजनिक आरोग्यसेवेतील शासकीय गुंतवणूक : महाराष्ट्र

सार्वजनिक रुग्णालये, आरोग्य केंद्रे, तिथले मनुष्यबळ, औषधे, उपकरणे आणि रोगप्रतिबंधाची कामे यांवर शासन जो खर्च करते, त्यास सार्वजनिक आरोग्यसेवेतील शासकीय गुंतवणूक म्हणतात. नवी इमारत, एमआरआय यंत्र, रुग्णवाहिका असा खर्च डोळ्यांत भरतो. रुग्णालय चालते ते मात्र दर महिन्याला लागणाऱ्या पैशावर : परिचारिकेचा पगार, रक्तदाबाच्या गोळ्यांचा अखंड पुरवठा, जनित्राचे डिझेल, बंद पडलेल्या क्ष-किरण यंत्राची दुरुस्ती. महाराष्ट्रातील आरोग्यसेवेची बरीच दुखणी या दुसऱ्या प्रकारच्या खर्चाकडे झालेल्या दुर्लक्षातून आली आहेत.

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानतो. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्याने त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. परंतु १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ खटल्यात निर्णय दिला, की शासकीय रुग्णालयाने गरजूला वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि पैशांची टंचाई ही त्यावर सबब होऊ शकत नाही. आरोग्यावरील खर्चाची चर्चा दयेच्या भाषेत न होता हक्काच्या भाषेत व्हायला हवी, असे म्हणणाऱ्यांना या निकालाचा मोठा आधार आहे.

पूर्वेतिहास : मुंबई इलाख्यातील पहिली मोठी रुग्णालये दानशूरांचा पैसा आणि सरकारचा वाटा यांतून उभी राहिली. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीला ईस्ट इंडिया कंपनीची जोड मिळून १८४५ मध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय सुरू झाले. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. मुंबई महापालिकेने १९२६ मध्ये के.ई.एम. रुग्णालय व त्याला जोडून सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय काढले. करदात्यांच्या पैशांवर एखाद्या शहराने स्वतःचे अध्यापन रुग्णालय चालवण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. खाट मिळाली नाही तर जमिनीवर गादी घालून का होईना, पण रुग्णाला परत न पाठवण्याची इथली रीत आजही टिकून आहे.

या संस्था शहरांत होत्या. खेड्याला आरोग्यव्यवस्थेच्या मध्यभागी आणले ते ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मूळ सूत्र होते. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातूनच रुजली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ही केंद्रे त्यांच्या ताब्यात गेली. १९७० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी वेगळे संचालनालय झाले. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने केंद्र सरकारचा पैसा मोठ्या प्रमाणावर आणला आणि ‘आशा’ स्वयंसेविका गावोगावी पोहोचवल्या. पुढे शहरी भागाचा समावेश होऊन ते राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले.

रचना आणि धनी : ग्रामीण भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. आदिवासी व डोंगराळ भागात तो अनुक्रमे ३,००० व २०,००० आहे. राज्यात दहा हजारांहून अधिक उपकेंद्रे आणि अठराशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. त्यांच्या वर ३० खाटांची ग्रामीण रुग्णालये, मग उपजिल्हा रुग्णालये आणि जिल्ह्याच्या गावी, लोक ज्याला अजूनही ‘सिव्हिल’ म्हणतात ते जिल्हा रुग्णालय.

रुग्णाला ही एकच साखळी वाटते, पण तिचे मालक वेगवेगळे आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या अखत्यारीत. ग्रामीण रुग्णालयापासून सिव्हिलपर्यंतचा कारभार राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखालचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचे दवाखाने व रुग्णालये. प्रत्येकाचा अर्थसंकल्प स्वतंत्र आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह सर्व तपासण्या व उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयाच्या बाहेर राहिली. सिव्हिलमधून ‘रेफर’ झालेल्या माणसाला हा विभागांमधला फरक पैसे भरायच्या खिडकीशी उभे राहिल्यावरच कळतो.

नवीन वैद्यकीय महाविद्यालय निघते तेव्हा बहुधा जिल्हा रुग्णालयच त्याला जोडले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. डॉक्टर घडवायचे तर महाविद्यालये हवीतच. मात्र तेवढे अध्यापक, परिचारिका आणि तंत्रज्ञ आणल्याशिवाय पाटी बदलल्याने खाटेवरच्या रुग्णाच्या वाट्याला काही वाढीव येत नाही.

पैशाचा प्रवास : आरोग्यावरील महसुली खर्च प्रामुख्याने अर्थसंकल्पातील २२१० या मुख्य लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या नोंदीच्या खात्याखाली), तर बांधकामासारखा भांडवली खर्च ४२१० खाली नोंदला जातो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असतो. जिल्हा वार्षिक योजनेतून पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समिती यंत्रे, रुग्णवाहिका, दुरुस्ती यांसाठी पैसे देते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातील स्थानिक स्वराज्य संस्थांना आरोग्यापोटी ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचवले, तोही एक प्रवाह आहे.

अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसा केंद्रावर पोहोचला असे होत नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, निधी वितरण एवढे टप्पे ओलांडताना वर्षाचे बरेच महिने निघून जातात. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम निधी येतो आणि ३१ मार्चच्या आत तो खर्ची टाकण्याची धावपळ सुरू होते. अशा वेळी सोपे पडते ते यंत्र किंवा फर्निचर विकत घेणे. वर्षभराची औषधे, मनुष्यबळ किंवा देखभालीचा करार तीन आठवड्यांत उभा करता येत नाही. न वापरलेल्या सोनोग्राफी यंत्रांवर धूळ का बसते, याचे उत्तर बऱ्याचदा या वेळापत्रकात सापडते. यंत्राची खरेदी एका शीर्षातून होते, ते चालवणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाचे पद दुसऱ्याच फायलीत अडकलेले असते.

माणसे : आरोग्यसेवा माणसे देतात, म्हणून पगारावरचा खर्च हा अनुत्पादक बोजा समजणे हा या क्षेत्रातील सर्वांत महागडा गैरसमज आहे. नव्या आरोग्यसंस्थांच्या बृहत् आराखड्यात केंद्र मंजूर होते, इमारत बांधून पूर्ण होते, पण पदनिर्मिती वित्त विभागाकडे रेंगाळते. मंजूर पदांपैकीही भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांची पदे ग्रामीण रुग्णालयांत दीर्घकाळ रिक्त राहतात. भूलतज्ज्ञ नसेल तर शस्त्रक्रियागृह असूनही सिझेरियन होत नाही आणि बाईला कळा सुरू असताना जिल्ह्याच्या गावी हलवावे लागते. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिकांनी हा प्रवास पुष्कळ सुरक्षित केला. तो टाळता आला असता तर अधिक बरे, हे मात्र तसेच राहते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बहुसंख्य परिचारिका, तंत्रज्ञ आणि समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी आहेत. राज्यातील सुमारे ७० हजार आशाताईंना वेतन नाही. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. त्यासाठी त्यांना वारंवार संपावर जावे लागले आहे. गावपातळीवरच्या या स्त्रियांवर केलेला खर्च किती फळतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. २०११ पासून हीच पद्धत आशांमार्फत देशभर राबवली जाऊ लागली. २०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार (एसआरएस) महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता, देशाचा २८. या सरासरीत मेळघाट, नंदुरबार आणि गडचिरोलीतील पाडे झाकले जातात, हे विसरून चालणार नाही.

औषधे : शासकीय रुग्णालयाची परीक्षा लोक एका गोष्टीवरून करतात : गोळ्या आत मिळाल्या की चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जावे लागले. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ काढून खरेदी एका हाती आणली, जिल्हावार गोदामे बांधली आणि साठ्याप्रमाणे मागणी करण्याची शिस्त बसवली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवले. ही संस्था लस आणि सर्पदंशावरील प्रतिविष बनवणारी. हजारो वस्तूंच्या खरेदीचे ओझे तिच्या यंत्रणेला पेलले नाही आणि पुरवठ्यातील विलंबाच्या तक्रारी वाढल्या. २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. त्याच वर्षी ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर दरम्यान नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असे शासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदे व औषधखरेदी यांचा तपशील मागवला.

देखभाल : ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत ११ कोविडरुग्णांचा मृत्यू झाला. भंडाऱ्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले होते. ऑडिटमध्ये जे त्रुटी म्हणून लिहिले जाते त्याची दुरुस्ती करायला पुन्हा निधी लागतो, आणि तारा बदलण्याच्या कामाचे उद्घाटन कोणी करत नाही. देखभालीसाठी बांधील, दरवर्षी आपोआप मिळणारी रक्कम हवी, ही मागणी या दोन घटनांनंतर तरी मान्य व्हायला हवी होती.

विमा की रुग्णालय : राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी तिची सांगड २०२० मध्ये घातली गेली. मूळ दीड लाखांचे संरक्षण आता पाच लाखांवर गेले असून ती राज्यातील सर्व रहिवाशांना खुली आहे. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार यांसाठी या योजनेने असंख्य घरांची जमीन व दागिने वाचवले, हे निर्विवाद आहे.

तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. योजना दाखल रुग्णांसाठी आहे. मधुमेहाच्या गोळ्या, ओपीडीतील तपासण्या, महिनोन्‌महिने चालणारे औषध यांचा खर्च तिच्या बाहेर राहतो, आणि गरीब घरांना हळूहळू पोखरतो तो हाच खर्च. शिवाय अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील केलेली, खासगी रुग्णालये शहरांत एकवटली आहेत. धडगाव किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागातल्या माणसाला कार्ड मिळाले तरी जवळ रुग्णालय लागतेच. विम्यावरचा पैसा सरकारी ओपीडीच्या वाट्यातून काढला गेला तर तोट्यात तोच माणूस जातो.

सीमेवरच्या तालुक्यांत ही गोष्ट उघडी पडली. सावंतवाडी व दोडामार्ग भागातील लोक मोठ्या आजाराला पूर्वापार बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. १८४२ मध्ये पोर्तुगीज काळात सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाची ती परंपरा. गोवा शासनाने जानेवारी २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन उभे राहिले. गोव्याने आपल्या करदात्यांचा विचार केला, हे समजण्यासारखे आहे. दोडामार्गच्या लोकांचा मुख्य प्रश्न आपल्याच जिल्ह्यात तशी सोय का नाही, हा होता.

मोजमाप : राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारतातील शासकीय आरोग्यखर्च २०१३-१४ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्के होता. २०२१-२२ या कोविडकाळात तो १.८४ टक्क्यांवर गेला. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा याच अवधीत ६४.२ वरून ३९.४ टक्क्यांवर आला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्याला द्यावी आणि एकूण खर्चाचा दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेवर असावा, असेही त्यात म्हटले आहे. देशातील श्रीमंत राज्यांपैकी एक असलेल्या महाराष्ट्राचा वाटा चार ते पाच टक्क्यांच्या घरात राहिला आहे.

लोकांची देखरेख : २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद (आता धाराशिव) या पाच जिल्ह्यांत राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्य पातळीवर तिचा समन्वय केला. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राला गुणपत्रक द्यायचे, ते केंद्राबाहेर लावायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडायचे, अशी ही पद्धत. डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत, बाहेरची औषधे लिहून देतात, बाळंतिणीकडून पैसे घेतात, अशा तक्रारी तिथे नाव-तारखेनिशी मांडल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी त्या थांबल्याही. पुढे रुग्ण कल्याण समितीच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतून काय घ्यायचे, हे ठरवण्यातही या गटांनी भाग घेतला. प्रसूतिकक्षात गरम पाणी, नातेवाइकांना बसायला बाक, पिण्याचे पाणी, औषधांच्या साठ्याचा दर्शनी फलक : त्यांनी मागितलेल्या बहुतेक गोष्टी काही हजार रुपयांत होणाऱ्या होत्या.